तितरांची हजेरी

मला ती नोकरी सायकल येते म्हणून मिळाली.

मुलाखतीला आम्ही सहा जण होतो, त्यात मुलगी मी एकटी. नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्यात ते ऑफिस होतं. साहेबांनी विचारलं, "तितर आणि लावा यांतला फरक सांगा." मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते, पण तितर पाहिला होता तो कॉलेजच्या काचेच्या कपाटात, पेंढा भरलेला, एक डोळा गळून पडलेला.

"तितर मोठा असतो, सर," मी म्हणाले.

"आणखी?"

"आणखी माहीत नाही."

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "सायकल येते का?"

"येते. बाबांची दांड्याची चोवीस इंची चालवते."

साहेब शेजारच्या गृहस्थांकडे वळून म्हणाले, "पक्षी शिकवता येतात हो. सायकल शिकवत कोण बसणार."

ही सत्तरच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. छप्पन साली, दीक्षेच्या वर्षी, मी आईच्या कडेवर होते, म्हणजे तेव्हा बाविशीत असेन. बाबा कापड मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. घरातली पहिली पदवीधर मी, आणि माझ्या नोकरीचं काम ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे सरकार पाखरं मोजाचा पगार देते?" त्यांनी ते दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा हसले. गल्लीत मात्र सांगितलं, की मुलगी सरकारी ऑफिसर झाली.

काम असं होतं. नागपूरजवळच्या खापा गावाच्या पलीकडे चार मैलांवर एका गावाची मोठी बरड होती. बरड म्हणजे मुरमाचा उघडा माळ. पूर्वी तिथे दाट झुडपं होती असं गावकरी सांगत. सरपणासाठी ती तुटली, उरलेली शेळ्यांनी खाल्ली आणि पावसाने माती वाहून नेली. आता योजना आली होती. उताराला आडवे चर खणायचे, रोपं लावायची, कुऱ्हाड आणि चराई बंद ठेवायची, आणि बरड हिरवी झाल्यावर तिथली पाखरं परत येतात का ते पाहायचं. हे पाहण्याचं काम माझं. दर पंधरवड्याला सूर्य उगवायच्या सुमारास चुना लावलेल्या दगडांच्या रांगेने चालायचं आणि दिसेल ते पाखरू वहीत लिहायचं.

खाप्यात एका विणकराच्या घरी खोली मिळाली. मला पोहोचवायला बाबा आले होते. घरमालकाच्या ओसरीवर हातमाग चालू होता. बाबा "जरा पाहतो" म्हणून त्याच्याजवळ बसले, आणि मग ताणा, बाणा, तुटलेला धागा कसा जोडायचा यावर दोघांचं जे सुरू झालं, त्यात एक तास गेला. मी सामान लावलं, खोली झाडली, घरमालकिणीने दिलेला चहा प्यायले. निघताना बाबा मला म्हणाले, "माणूस चांगला आहे. कापड घट्ट विनते." माझ्या तिथे राहण्याबद्दल त्यांनी याशिवाय दुसरी चौकशी केली नाही.

बरडीवरच्या पहिल्या सकाळी मी दोन तास चालले. दोन टिटव्या, एक चंडोल, आणि वरती फार उंच एक घार. बाकी मुरूम, बुडापासून तोडलेली खुंटं आणि शेळ्यांच्या लेंड्या. मी परत आले तर चौकीदार दगडावर बसून माझीच वाट पाहत होता.

हा चौकीदार साठीचा, काटक, पांढऱ्या मिशांचा म्हातारा. सगळं गाव त्याला बाबाजी म्हणत असे, म्हणून मीही म्हणू लागले. उभी हयात त्याने तितर आणि लावे फाशांत धरून आठवडी बाजारात विकले होते. त्यालाच राखणीला नेमल्याचं ऐकून साहेब म्हणाले होते, "ही तर चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली झाली." त्यावर सरपंचांनी सांगितलं होतं, की साहेब, पाखराची वाट दुसऱ्या कोणाले माहीत नाही, आणि चोराले चोरच ओळखते.

"बाई," बाबाजीने विचारलं, "तुमी पाखरं मोजून राहिल्या, का हाकलून राहिल्या?"

"काहून?"

"करकर वाजणाऱ्या चपला. पांढरी ओढणी. अन् चालता चालता खोकलून राहिल्या. तितर का आंधळा आहे का बहिरा?"

मला राग आला, पण त्याचं म्हणणं खरं होतं. दुसऱ्या खेपेला मी कॅनव्हासचे बूट घालून आणि आईचं जुनं मातकट लुगडं फाडून केलेली ओढणी घेऊन गेले. बाबाजीने आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाला, "आता झाल्या अर्ध्या शिकारी."

त्या सकाळी त्याने मला एका दगडाआड बसवलं. दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि तितरासारखा ओरडला. आवाज असा, की मी दचकून आजूबाजूला पाहिलं. तीनदा ओरडून तो थांबला. पार नाल्याच्या काठावरून, फार लांबून, एका तितराने उत्तर दिलं. पुन्हा ओरडला. पुन्हा तोच, तिथूनच.

"एकच आहे," बाबाजी म्हणाला. "नर आहे. आपल्या जागेत दुसरा आला असं वाटलं का तो बोलल्याशिवाय राहत नाही. लिवा."

"पूर्वी किती बोलायचे?"

त्याने मिशीवरून हात फिरवला. "पूर्वी तोंड उघडलं का चारी बाजूनं गलका व्हायचा. कोणाचा कोणता, समजत नव्हतं." मग म्हणाला, "झुडपं लोकायनं नेली, बाई. तितर मी नेले. खोटं काहून बोलू."

मी वहीत एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'उत्तरे'. खाली लिहिलं, एक.

पहिल्या पावसाळ्यात साहेबांनी ट्रक भरून निलगिरीची रोपं पाठवली. ती लावली गावातल्या बायांनी. त्यांची मुकादमीण होती बाबाजीची बायको. बाबाजीच्या निम्म्या उंचीची आणि दुप्पट आवाजाची. तिला सगळे मावशी म्हणत. रोपं ओळीने लावली, प्रत्येकाला आळं केलं, आणि दिवाळीपर्यंत ती छान उभी होती. मग नागपूरचा उन्हाळा आला. मे महिन्यात मी ओळीने चालले तर बहुतेक रोपांच्या काड्या झाल्या होत्या. मला रडू यायचं बाकी होतं. मावशीने एक काडी चिमटीत धरून मोडली.

"हे पाहुणे होते वं पोरी," ती म्हणाली. "पाहुण्याले रोज पाणी द्या लागते. घरच्याले काई लागत नाही. इकडं पाय."

तिने मला एका खुंटाजवळ नेलं. मी ज्याला मेलेलं समजत होते त्या बोरीच्या खुंटाला बोटभर लालसर धुमारे फुटले होते, त्या वैशाखात. पुढे दुसरा खुंट, काटेरी भराटीचा. मग हिवराचा. वर्षभर शेळीने तोंड लावलं नव्हतं, कुऱ्हाड लागली नव्हती, एवढंच त्यांना पुरलं होतं.

मी साहेबांना पत्र लिहिलं, की नवी रोपं नकोत, इथलीच झुडपं वाढू द्यावी आणि मोकळ्या जागेत बोरीचं बी टाकावं. साहेबांचं एका ओळीचं उत्तर आलं, 'बोरीचे बियाणे भांडारात उपलब्ध नाही.'

मावशीला वाचून दाखवलं तर ती पदरात तोंड लपवून हसली. बोरं खाल्लेल्या शेळ्या रात्री रवंथ करताना आठळ्या थुंकून टाकतात, आणि अशी आठळी लवकर रुजते, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पाऊस यायच्या आधी बायांनी घरोघरच्या शेळ्यांच्या कोठ्यांतून, म्हणजे गोठ्यांतून, आठळ्या झाडून गोळा केल्या आणि चरांच्या बांधावर पुरल्या. गंमत अशी, की ज्या शेळ्यांनी बरड संपवली त्यांच्याच कोठ्यातून ती परत निघाली. मी नोंदवहीत 'बियाणे : स्थानिक' असं लिहून मोकळी झाले.

पुढची दोन वर्षं मी आयुष्यात कधी नव्हते एवढी खूश होते. दर पंधरवड्याला काहीतरी नवं. आधी वटवट्या आला, अंगठ्याएवढा पक्षी, गुडघाभर झुडपात बसून सगळी बरड आपलीच असल्यासारखा ओरडणारा. मग बोरी कमरेइतक्या झाल्या तसे बुलबुल आले. मग सातभाई, नेहमी टोळीने आणि नेहमी भांडत. मावशी म्हणाली, "आमच्या रोजीच्या बायाच पाखरं होऊन आल्या." एका सकाळी हिवराच्या काट्याला एक नाकतोडा टोचून ठेवलेला दिसला. मला वाटलं पोरांचा खेळ. बाबाजीने बोट दाखवलं, तर दोन हातांवर खाटीक बसला होता, डोळ्यांवर काळी पट्टी, दुकान उघडून बसलेल्या कसायासारखा. गवत वाढलं तसे पायाखालून लावे भर्रकन उडू लागले आणि दर वेळी माझी वही खाली पडू लागली.

आणि 'उत्तरे'. एकाचे दोन झाले, दोनाचे चार. तिसऱ्या वर्षी बाबाजीने तळवे तोंडाशी धरले, ओरडला, आणि पहिलं उत्तर आमच्या पाठीमागून, दहा पावलांवरच्या भराटीतून आलं. बाबाजी चक्क दचकला. मग लाजला. "वय झालं," म्हणाला, "अन् हा बेटा इथं बसून आपलं ऐकून राहिला होता."

शनिवारी नागपूरला गेले की बाबा विचारत, "कोण आलं या खेपेले?" मी सांगायची. मिलमधून थकून आलेले बाबा भिंतीला टेकून ऐकायचे आणि सोमवारी साच्यावर सगळ्यांना सांगायचे. त्यांच्या खात्यातले लोक मला पाहिलं की नमस्कारानंतर आधी तितर विचारू लागले.

मग मे महिन्यात साहेबांचा निरोप आला. वरिष्ठ अधिकारी पाहणीला येणार. लावलेली झाडं नीट दिसली पाहिजेत. मधली सगळी झुडपं साफ करून घ्यावी. दोन दिवस हातात होते.

लावलेली झाडं म्हणजे वाचलेल्या पंधरा-वीस निलगिरी. त्यांच्याशिवाय मोठं झाड एकच, रस्त्याकडेचा जुना कडुनिंब. मी सायकलवरून खाप्याला जाऊन ऑफिसला फोन लावला. अर्धा तास लाइन लागेना. लागली तेव्हा साहेब म्हणाले, "तुम्हाला कळत नाही. ते लोक वृक्षारोपण पाहायला येतायत. त्यांना रान दाखवायचं का?" मी म्हणाले, "सर, पाखरं झुडपांतच आहेत." साहेब म्हणाले, "पाखरं कुठे जाणार आहेत? उडून बाजूला बसतील." आणि फोन ठेवला.

माझी नोकरी तात्पुरती होती. दर सहा महिन्यांनी तिचा कागद त्याच साहेबांच्या सहीने यायचा. धाकट्या भावाची फी मी भरत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायांना विळे घेऊन उभं केलं आणि रस्त्यालगतच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायला सांगितलं. मावशी माझ्याकडे पाहत राहिली. "तूच म्हणतं?" तिने विचारलं. मी मान हलवली. ती विळा घेऊन वाकली.

तासाभरात एक पट्टा साफ झाला. मग एका बाईचा विळा थांबला. बोरीच्या बुडाशी गवतात खळगी होती आणि तिच्यात सात अंडी, फिकट, दुधात जरासा चहा पडावा त्या रंगाची. तितरी बाजूने पळत गेली आणि पलीकडच्या उरलेल्या झुडपात शिरली. वरची सगळी बोर तोपर्यंत कापून झाली होती. उन्हात अंडी उघडी पडली.

"बंद करा," मी म्हणाले. "एवढंच. बाकी राहू द्या."

"अन् साहेब?" मावशीने विचारलं.

"साहेबांना मी सांगीन."

आम्ही कापलेल्या फांद्या खळगीवर परत रचल्या. बाबाजी लांब उभा राहून पाहत होता. "येणार नाही आता ती," तो म्हणाला. "एकदा उघडं पडलं का येत नाही." त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. संध्याकाळी, दुसऱ्या सकाळी, मी जाऊन पाहिलं. ती आली नाही. त्या सात अंड्यांची नोंद मी वहीत केली आणि कारणापुढे माझं नाव लिहिलं.

पाहणीच्या दिवशी अधिकारी आले ते टळटळीत दुपारी. त्या वेळी कोणतं पाखरू बोलतं? सगळी झुडपांच्या पोटात, चोची उघड्या टाकून बसलेली. साहेबांनी उभी झुडपं पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा मिरचीसारखा झाला. पण पाहुण्यांचं झुडपांकडे लक्षच गेलं नाही. ते जीपमधून उतरून थेट कडुनिंबाखाली गेले, घाम पुसला, मावशीने दिलेलं माठाचं पाणी दोन तांबे प्यायले आणि म्हणाले, "वा. पाणी कुठलं हे?"

"गावच्या विहिरीचं, जी," मावशी म्हणाली.

"फार गोड." मग साहेबांना म्हणाले, "चांगलं हिरवं केलंत." आणि पाव तासात जीप धूळ उडवत गेली.

साहेब मागे राहिले होते, कारण त्यांना माझ्यावर ओरडायचं होतं. मी त्यांना आधी ती खळगी दाखवली. ते अंड्यांपाशी उकिडवे बसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "इथं खरंच काही आहे का, की तुम्ही वहीत भरता?"

"उद्या सकाळी पाहा, सर."

ते सरपंचांच्या घरी मुक्कामाला राहिले आणि पहाटे आले, करकर वाजणारे बूट घालून. बाबाजीने ते काढायला लावले. साहेब मोज्यांवर दगडाआड बसले, मांडीवर माझी वही, हातात माझी पेन्सिल. बाबाजी ओरडला. डावीकडून उत्तर आलं, मग नाल्याकडून, मग मागून, मग दोन एकदम. साहेब रेघा मारत गेले. पाचव्या की सहाव्या रेघेला त्यांनी पेन्सिल थांबवली आणि कुजबुजले, "हा मघाचाच तर नाही?"

"नाही जी," बाबाजी म्हणाला. "हा नवा आहे. याचा गळा अजून फुटला नाही."

परत जाताना साहेबांनी स्वतः तळवे तोंडाशी धरून ओरडून पाहिलं. कोणी उत्तर दिलं नाही. लांबवर एक कुत्रा मात्र भुंकला. मावशी तोंडावर पदर धरून दुसरीकडे वळली.

महिनाभरात ऑफिसचा कागद आला. 'मूळच्या झुडपांचे संरक्षण व संवर्धन' असं त्यात लिहिलं होतं आणि निलगिरीचा उल्लेख नव्हता. माझ्या मुदतवाढीचा कागदही त्याच पाकिटात होता. साहेबांनी मला कधी शाबासकी दिली नाही आणि त्या दिवसाबद्दल बोललेही नाहीत. पण त्यानंतर दर वर्षी एकदा ते मुक्कामाला येत, आणि येताना कॅनव्हासचे बूट घालून येत.

एक गोष्ट मला वह्या चाळताना उशिरा लक्षात आली. सगळंच वाढत नव्हतं. पहिल्या सकाळी दिसलेला चंडोल आता दिसेनासा झाला होता, टिटव्याही. मला वाटलं, माझ्या मोजण्यात चूक असेल. बाबाजीला विचारलं तर तो म्हणाला, "त्यायले डोक्शावर झुडूप चालत नाही. त्यायले मोकळं अंगण लागते. समद्यायले एकच घर कसं पुरंन?" मग आम्ही ठरवलं, की मी साफ करवलेला तो पट्टा तसाच ठेवायचा आणि त्याच्या पुढचा मुरमाचा तुकडाही. तिथे गावच्या शेळ्यांना दिवाळीनंतर मोकळीक दिली, त्यामुळे गावातली कुरबुरही बंद झाली. पुढच्या उन्हाळ्यात त्या पट्ट्यावर टिटवीने चार गोट्यांसारखी अंडी घातली आणि आम्ही कोणीही जवळ गेलो की डोक्यावर येऊन आमची खरडपट्टी काढली. चंडोल त्या वर्षी आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आला.

ऐंशीनंतर दोन-तीन वर्षांत योजना संपली. वह्या साहेबांकडे गेल्या. त्यांनी त्यांवर अहवाल लिहिला आणि त्यात बाबाजीला 'स्थानिक जाणकार' असं म्हटलं. मी ते त्याला वाचून दाखवलं. त्याने 'जाणकार' शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि बायकोला म्हणाला, "ऐकलं का वं? कागदावर आहे." मावशी म्हणाली, "कागदाले तुमचं घोरणं ऐकू येत नाही म्हणून." बरड राखायचं मात्र गावाने पुढे चालू ठेवलं. हिवाळ्यात बाया तिथली बोरं खाप्याच्या बाजारात नेऊ लागल्या होत्या, आणि एवढ्या बोरांवर कुऱ्हाड चालवायला आता कोणी तयार नव्हतं. मला नागपुरात एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली आणि आम्ही सगळे तिथल्या नंदनवन वस्तीत राहायला गेलो.

निघायच्या दिवशी मावशीने मला जेवायला ठेवून घेतलं. ज्वारीची भाकर, वरणभाजी आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा. तिसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"जाणं जड होऊन राहिलं का, पोरी?" बाबाजीने विचारलं.

"नाही," मी म्हणाले, "मिरची."

"मंग आणखी घे," मावशी म्हणाली आणि ताटात दुसरी भाकर टाकली. मी ती सगळी खाल्ली, हात धुतले, सायकल एसटीच्या टपावर चढवली आणि चारच्या गाडीने नागपूरला आले.